'बॉम्बास्ट' : कापसापासून शब्दावडंबरापर्यंत

पोकळ, फुगवलेल्या भाषेला इंग्रजी समीक्षेत 'बॉम्बास्ट' म्हणतात. आज हा शब्द केवळ दूषण म्हणून उरला आहे. सोळाव्या शतकात मात्र तो शिंप्याच्या दुकानातला साधा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता, कपड्यात भरायचा कापूस.

या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील 'बॉम्बॅक्स' म्हणजे कापूस या शब्दात आहे. ग्रीक भाषेत 'बॉम्बिक्स' म्हणजे रेशमाचा किडा. पूर्वेकडून येणाऱ्या कापसासाठी फारसी 'पंबा'च्या कुळातला शब्द ग्रीकमध्ये आला आणि तो या रेशमाच्या शब्दात मिसळून गेला, असे व्युत्पत्तिकार मानतात. पुढे 1753 मध्ये लिनियसने आपल्या काटेसावरीच्या प्रजातीला 'बॉम्बॅक्स' हेच नाव दिले. ज्या झाडाच्या कापसाने आपल्याकडे गाद्या-उशा भरल्या जात, त्याच्या शास्त्रीय नावात हा इतिहास अजून टिकून आहे. तोफगोळ्याच्या 'बॉम्ब'शी मात्र या शब्दाचे नाते नाही. वैद्य पॅरासेल्ससच्या 'बॉम्बास्टस' या नावावरून तो आला ही समजूतही चुकीची आहे. ते त्याचे कुलनाम होते.

राणी एलिझाबेथच्या काळात पुरुषांच्या डब्लेट नावाच्या अंगरख्यात कापूस, लोकर, घोड्याचे केस ठासून छाती आणि पोट फुगवण्याची फॅशन होती. फिलिप स्टब्ज या कर्मठ लेखकाने 1583 मध्ये तक्रार केली की, अशा एका अंगरख्यात चार ते सहा पौंड, म्हणजे सुमारे दोन ते पावणेतीन किलो, भरण असते आणि ते घालणाऱ्याला धड वाकताही येत नाही.

असा फुगीर अंगरखा रोज डोळ्यांसमोर असताना फुगीर वाक्याला तेच नाव मिळणे स्वाभाविक होते. 1592 मध्ये रॉबर्ट ग्रीनच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचा खरा लेखक कोण याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तीत एका नटाची हेटाळणी आहे : हा उपरा स्वतःला मोठ्या कवींच्या बरोबरीचा समजतो आणि निर्यमक छंदाच्या ओळी कापूस भरून फुगवतो. नावावर केलेल्या कोटीवरून हा रोख शेक्सपिअरवर होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीन केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांचा एम. ए. होता, शेक्सपिअर विद्यापीठात गेलेलाच नव्हता. भरणाचा हा आरोप शैलीविषयी होताच, पण पदवीधराने अपदवीधराला त्याची जागा दाखवून देण्याचाही तो एक प्रकार होता.

पुढे 'ऑथेल्लो'च्या पहिल्याच प्रवेशात शेक्सपिअरने हाच शब्द इयागोच्या तोंडी घातला. ऑथेल्लोची भाषा युद्धातल्या विशेषणांनी ठासलेली आहे, अशी इयागोची कुरकुर आहे. कापसाची प्रतिमा तिथे अजून जिवंत आहे. आणि आरोप करणारा कोण, हेही प्रेक्षकाला लवकरच कळते.

मराठीत आपण 'शब्दावडंबर' म्हणतो. अवडंबर हे संस्कृत 'आडंबरा'चे मराठी रूप, आणि आडंबर म्हणजे मुळात एक प्रकारचा नगारा, त्याचा गाजावाजा. इंग्रजीने हा दोष डोळ्यांनी पाहिला. आपल्या परंपरेने तो कानांनी ऐकला. 'शब्दबंबाळ'मधील 'बंबाळ' आणि 'बॉम्बास्ट' यांचे ध्वनिसाम्य मोहक असले, तरी त्यावर व्युत्पत्ती उभारू नये. रक्तबंबाळ म्हणजे रक्ताने न्हालेला. तिथे कापसाचा संबंध येत नाही.

एखाद्या कृतीला आपण वर्गात सहज 'शब्दबंबाळ' ठरवतो आणि उत्तरपत्रिकेतल्या पुरवण्यांना मात्र उदारपणे गुण देतो. भरण हा मुळात दोष नाही. त्यानेच अंगरख्याला आकार येतो. म्हणून हा शेरा मारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. कापसाखाली अंग आहे की नाही? आणि हे दूषण कोण, कोणाला देत आहे? ग्रीनच्या नावावरील त्या पुस्तिकेने पहिला प्रश्न विचारल्याचे दिसत नाही. दुसरा प्रश्न आपण तिला आजही विचारू शकतो.