गाठीचा निकाल

स्तनात लागलेली गाठ साधी की कर्करोगाची, याचा शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो, आणि आहुपे तिथून फार लांब आहे. भीमाशंकरच्या रानातलं, सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचं हे महादेव कोळ्यांचं गाव. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून घोडेगाव, मग मंचर. मुळात खेड्यात हा आजार कमीच, मग एवढी यातायात कशाला, असं कोणी म्हणेल. त्याला आधारही आहे. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ साली सुरू झाली. बार्शीची १९८७ची, देशातली पहिली ग्रामीण. गावोगाव फिरून केलेल्या त्या नोंदींत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईहून बरंच कमी निघालं. पण त्याचा अर्थ उलटाही लागतो. कर्करोग कमी, म्हणून हाताला लागलेली गाठ साधी असण्याचाच संभव जास्त. तपासणीतून तिथल्या बाईला बहुधा दिलासाच मिळायचा असतो, आणि नेमका तोच तिच्यापर्यंत पोचत नाही.

साधी गाठ आज ना उद्या उलटणारच, ही भीती केवळ अडाणीपणाची नव्हती. कोणती गाठ किती धोक्याची, हे खुद्द वैद्यकालाही उशिरा उमगलं. अमेरिकेत ड्युपाँट आणि पेज यांनी तीन हजारांहून अधिक बायकांच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासून १९८५ साली निष्कर्ष छापले. सुमारे ७० टक्के बायकांच्या गाठीत पेशींची जादा वाढ नव्हती. त्यांना वेगळा धोकाही नव्हता. वाढ होती पण पेशी बेढब नव्हत्या, तिथे तो जवळपास दुप्पट. बेढब पेशी असलेल्या मोजक्या बायकांत पाचपट. म्हणजे ‘साधी’ एवढाच शेरा पुरत नाही, कोणती साधी तेही लिहून द्यावं लागतं.

तपासणीने उगाच घबराट पसरते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण तपासणीचा फायदाही मोजला गेला आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासत. वीस वर्षांनी एकूण मृत्यूंतली घट निर्विवाद ठरली नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत ती जवळपास ३० टक्के होती. यंत्राविना इतकं साधतं, तर आशाताईंना हे शिकवणं अशक्य नाही. तपासणीसाठी गाठीला सुई लावली की ती पसरते, हा समज त्यांनाच आधी खोडावा लागेल. पण मंचरला धाडलेल्या बाईचा लेखी अहवाल परत आहुप्याला कोण पोचवणार, हे ठरवल्याशिवाय गाठ शोधायला निघूच नये.