कोरी भिंत आणि मनातली मूर्ती

आपल्या जालन्याजवळचे बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात, निजामी अमलात वसविले. जन्माने ते ब्राह्मण; १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागे आलेल्यांत अस्पृश्य मानला गेलेला मातंग समाज मोठा होता. त्यांच्या स्कॉटिश फ्री चर्चच्या उपासनेत मूर्तीला वा तसबिरीला थारा नव्हता.

मग प्रार्थनेत मन ठरावे कशावर? हा वाद जुना आहे. ७८७ सालच्या निकियाच्या धर्मपरिषदेने निवाडा दिला की, प्रतिमेला वंदन करावे, आराधना मात्र एका देवाचीच. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी शिकविले की, बेथलेहेमची वाट, तिथली गुहा मनश्चक्षूंनी पाहा. त्यांच्याच जेझुइट संघातील फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराणा'तून ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले. उलट, स्कॉटिश चर्चने सतराव्या शतकात स्वीकारलेली प्रश्नोत्तरी म्हणते की, देवाची प्रतिमा मनातही करू नये.

पण मनावर पहारा कोण बसविणार? 'मेंढपाळ' हा शब्द कानी पडला की आपल्याला माळावरचा धनगरच दिसणार! देवळातल्या मूर्तीपुढे दार असते, आणि दाराशी अडविणारा असतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पायरीखाली उभे केले, त्यांच्या मनात शब्दांतून उभी राहणारी मूर्ती मात्र कोणालाच कुलपात घालता येत नाही. श्रोतेहो, बेथेलच्या कोऱ्या भिंतीचे मोल मला इथे दिसते.