गिरणगावच्या चुली आणि हजेरीपट

१/ मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास बहुधा भोंगे, संप आणि पुढारी यांच्या आधारे सांगितला जातो. गिरणगावाचे पोट ज्यांनी भरले, त्या खानावळवाल्या स्त्रियांचे नाव मात्र कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. त्यांच्या श्रमाला ‘काम’ मानले जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

२/ १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष आले. पुष्कळांची कुटुंबे गावीच राहिली. स्त्रियाही गिरणीत शिरल्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. १९२० च्या दशकात दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती.

३/ १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांपुरता मर्यादित केला. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती भत्त्याचा कायदा झाला. दोन्ही तरतुदी न्याय्य होत्या. परंतु भत्त्याचा भार एकट्या मालकावर पडत असे. त्यात नवी यंत्रे आली, स्त्रियांना रात्रपाळी बंद होती आणि कुटुंबाचा पोशिंदा पुरुषच, ही समजूतही दृढ होती. परिणामी गिरणीतील स्त्रियांची संख्या घटत गेली.

४/ गिरणीबाहेर उपजीविकेचा एक मार्ग होता खानावळीचा. एकाच खोलीत दाटीने राहणाऱ्या गड्यांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण द्यायचे. त्यासाठी वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज सोसायचे. एखादा गडी पैसे न देताच गावी गेला, तर तो तोटा बाईचाच.

५/ १९७३-७४ च्या संपात कामगारांचे पगार थांबले, तरी या स्त्रियांनी त्यांना उधारीवर जेवू घातले. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी हे हेरले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांवर दुर्बल घटकांना कर्ज देण्याची जबाबदारी आली होती. सावकाराकडे जाणाऱ्या खानावळवालीला आता बँकेचे दार उघडले.

६/ कर्जाच्या अर्जावर व्यवसाय लिहावा लागतो. तेथे ‘खानावळ’ हा शब्द आला, तेव्हा घरातला स्वयंपाक कागदोपत्री धंदा ठरला. म्हणून कोणत्याही संपाचा इतिहास वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: पगार बंद असताना कामगार जेवत कोठे होते?