पेलिकनमधली कबुतरे

कबूतर घरी परतते, एवढ्या एका गुणावर माणसाने त्याच्याकडून शतकानुशतके टपाल वाहून घेतले. ते पाहते कसे, शिकते कसे, हे प्रश्न प्रयोगशाळेत मात्र फार उशिरा पोहोचले. तेही, न परतण्याच्या एका प्रवासासाठी. बी. एफ. स्किनर यांनी 1960 साली स्वतःच लिहून ठेवलेली ही हकिकत कबुतरांच्या बुद्धीच्या इतिहासात मला सर्वांत बोलकी वाटते.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा स्किनर मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत होते. 1940 मध्ये आगगाडीच्या खिडकीतून पक्ष्यांचे थवे पाहताना त्यांना सुचले, की इतकी तीक्ष्ण नजर आणि इतक्या चपळ हालचाली असलेला पक्षी बॉम्बला वाट का दाखवू शकणार नाही? त्या काळी वरून सोडलेला बॉम्ब नेमका लक्ष्यावर पडेल याची खात्री नसे. सरकारने आधी नकार दिला. मग जनरल मिल्स या पिठाच्या कंपनीने 5,000 डॉलर आणि मिनिआपोलिसमधल्या आपल्या गिरणीचा वरचा मजला दिला. 1943 मध्ये सरकारचे 25,000 डॉलर मिळाले.

योजना अशी होती. बॉम्बच्या टोकाला भिंग, त्यातून आत पडद्यावर लक्ष्याची प्रतिमा, आणि समोर अंगाला घट्ट कापड गुंडाळलेले कबूतर. ते प्रतिमेवर चोच मारी. चोचीचा मारा मधोमध असेल तर मार्ग सरळ. तो बाजूला सरकला की हवेच्या झडपांमार्फत दिशा सुधारायची. एकाची चूक चालू नये म्हणून तीन पक्षी बसवून बहुमत घ्यायचे ठरले. दाणे टिपणे हा कबुतराचा उपजत धंदा. बक्षिसाचा दाणा दर टोचीला न देता अधूनमधून दिला, तर ते थांबत नाही, हे स्किनरना ठाऊक होते. एका पक्ष्याने पाऊण तासात 10,000 हून अधिक वेळा चोच मारली.

वॉशिंग्टनच्या निर्णयाची वाट पाहण्याच्या रिकाम्या दिवसांत या मंडळींनी एका कबुतराला लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचे ठरवले. आपोआप तसे घडण्याची वाट पाहणे व्यर्थ ठरले. तेव्हा चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा, मग जवळ गेले तर दाणा, असे त्यांनी केले. काही मिनिटांत पक्षी चेंडू टोलवू लागला. वर्तन पायरीपायरीने घडवण्याची ही रीत आज जगभरचे प्राणीप्रशिक्षक वापरतात.

या अस्त्राचे नाव होते ‘पेलिकन’. यंत्रणेनेच इतकी जागा व्यापली, की स्फोटकाला थोडीच उरली. म्हणून पोटापेक्षा मोठ्या चोचीच्या पक्ष्याचे नाव. 1944 मध्ये समितीसमोर कबुतराने काम चोख केले. पण पेटीचे झाकण उघडून आतला पक्षी पाहिल्यावर सभ्य गृहस्थांना हसू आले. ऑक्टोबरमध्ये प्रकल्प बंद झाला. मला त्या हशापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. कबुतरावर विश्वास ठेवावा का, यावर वाद झाला. स्फोटात मरणाऱ्या पक्ष्याचा प्रश्न त्या हकिकतीत कुठे अडसर म्हणून येत नाही.

काही कबुतरे स्किनरनी सांभाळली. सहा वर्षांपर्यंतच्या खंडानंतरही ती जुने लक्ष्य अचूक टोचत. तरी स्किनर ‘बुद्धी’, ‘मन’ हे शब्द टाळत. त्यांच्या लेखी ते फक्त घडवलेले वर्तन होते. पण 1964 मध्ये त्यांचेच विद्यार्थी रिचर्ड हर्नस्टीन यांनी डोनाल्ड लव्हलँड यांच्यासह दाखवले, की माणूस असलेली छायाचित्रे कबुतरे वेगळी ओळखतात. माणूस एक असो वा अनेक, कडेला असो वा मध्ये, आणि छायाचित्र पूर्वी कधी पाहिलेले नसले तरी. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी ‘संकल्पना’ हा शब्द वापरला. 1995 मध्ये जपानमध्ये शिगेरू वातानाबे यांच्या कबुतरांनी मोने आणि पिकासो यांची चित्रे वेगळी ओळखली.

वीस वर्षांत कबूतर बदलले नव्हते. त्याच्यासमोर ठेवलेले चित्र तेवढे बदलले होते. लक्ष्याच्या जागी माणूस आला, आणि शास्त्रज्ञांना त्याच्या टोचण्यात विचार दिसू लागला.