त्रिनिदादला केव्हा जावे?

गेल्या मे महिन्यात शाळेतला जगाचा जुना नकाशा घरी आणून मी भिंतीला टांगला, व्हेनेझुएलाच्या कुशीतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवले आणि जाहीर केले, की पैसे साठताच आपली सहल त्रिनिदादला! सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आधी महाबळेश्वर तरी पुरते पाहू या." चिरंजीव मात्र उड्या मारू लागले.

या बेटाचे वेड मला वडिलांनी लावले. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. मडगावच्या सरदेसाईंनी ११२ धावा काढल्या आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांनी ६५ व नाबाद ६७. ही हकीकत वडील श्रावणातल्या कहाणीसारखी सांगत.

पण जायचे केव्हा? चिरंजीवांचे मत कार्निव्हलला. ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचे सोमवार-मंगळवार सारे बेट रस्त्यावर नाचते, तेलाच्या पिंपांची वाद्ये घुमतात. मी म्हटले, नाच पाहा, पण ती पिंपे कुठून आली तेही ऐक. फ्रेंच मळेवाल्यांनी कार्निव्हल आणला, तेव्हा गुलामांना त्यात स्थान नव्हते. १८३८ साली पूर्ण मुक्ती मिळाल्यावर ते मशाली आणि ढोल घेऊन रस्त्यावर उतरले. १८८१ मध्ये पोलिसांशी त्यांची मोठी चकमक झाली, पुढे १८८४ मध्ये मशालींच्या मिरवणुकीवर व ढोलांवर बंदी आली. मग लोकांनी बांबू आपटून ताल धरला. १९३० नंतरच्या काळात डबे आणि पुढे तेलाची पिंपे ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. १९५१ साली ही पिंपे लंडनला जाऊन वाजली!

त्याच १८८४ सालात दुसरे एक प्रकरण घडले, आणि ते आठवले की माझे सहलीचे मन थोडे निवते. मोहरमला तिकडे हुसेनच्या नावावरून 'होसे' म्हणतात. उसाच्या मळ्यांतले मजूर ताबूत काढीत, ताशे वाजवीत. आपल्या गावोगावच्या ताबुतांप्रमाणे त्यांत हिंदूही असत. त्या वर्षी मिरवणुकींना शहरात येण्याची मनाई झाली. ३० ऑक्टोबरला सान फर्नांडोच्या वेशीवर मजूर ताबूत घेऊन आले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किमान १६ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली.

ही माणसे कोण? १८४५ च्या १६ फेब्रुवारीला 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून निघाले आणि १०३ दिवसांनी, ३० मे रोजी, सुमारे २२५ माणसे घेऊन त्रिनिदादला लागले. गुलामांच्या जागी मळ्यांना करारबद्ध मजूर हवे होते. १९१७ पर्यंत १,४०,००० हून अधिक गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. मराठी नाव त्यांत क्वचितच; पण पुण्याच्या नामदार गोखल्यांनी १९१२ साली ही मजूरपद्धती बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला, आणि सरकार पक्षाने तो हाणून पाडला. पद्धत थांबली तेव्हा गोखल्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. आमच्या मॅट्रिकच्या पुस्तकात गोखले होते, पण हा ठराव काही मला आठवत नाही.

सौभाग्यवती एवढा वेळ करंज्यांना मुरड घालण्याचा सराव केल्यासारख्या गप्प होत्या. मी सिवदास साधूंची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांचे हात थांबले. हे साधू मजूर. वॉटरलू येथे त्यांनी साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. ते पाडले गेले आणि त्यांना १४ दिवस तुरुंगात टाकले. सुटून आल्यावर ते म्हणाले असतील ते असोत; केले मात्र एवढेच, की जमीन परक्याची तर समुद्र कुणाचा, म्हणून दगड-माती वाहून ओहोटीच्या चिखलात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभारले. पंचवीस वर्षे हे काम चालले. आज तिथे यात्रेकरू जातात.

"आणि दिवाळी?" त्यांनी विचारले.

दिवाळीची तिथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी असते. वाकवलेल्या बांबूंच्या कमानींवर शेकडो पणत्या लावतात, आणि त्या पाहायला सगळ्या धर्मांची माणसे येतात.

"मग कार्निव्हल राहू दे," सौभाग्यवती म्हणाल्या, "दिवाळीलाच जाऊ. पण घरातली पहिली पणती लावायला सासूबाईंना कोण?"

सध्या बोलणी इथे अडली आहेत. नकाशा मी शाळेला परत केलेला नाही.