डब्यातली भाजी आणि घरचं बी

येरवडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पहिल्याने तुरुंग उभा राहतो. त्यात नवल नाही. मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरच्या या गावात १८७१ साली मोठा तुरुंग बांधला गेला, १९२२ साली गांधीजींना तिथे आणून ठेवले, आणि १९३२ साली पुणे करार झाला तोही त्याच भिंतींच्या आत. पण वाचकहो, आज तुमच्याशी बोलायचे आहे ते करारांविषयी नव्हे. बोलायचे आहे ते घरातल्या कुंडीविषयी, तिच्यात उगवणाऱ्या भाजीविषयी आणि त्या भाजीच्या बियांविषयी. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या मास्तराला मेथी-मिरचीशी काय कर्तव्य? तर ऐका.

येरवड्याहून नगर रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर आगाखान राजवाडा आहे. तिसऱ्या आगाखानांनी तो १८९२ साली बांधला. आसपासच्या गावांतल्या दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे या महालाच्या पायातच भूक आहे! पुढे पन्नास वर्षांनी, १९४२च्या ऑगस्टमध्ये, सरकारने गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना याच वाड्यात बंदीत ठेवले. महादेवभाई त्याच महिन्यात गेले. कस्तुरबा १९४४च्या फेब्रुवारीत गेल्या. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत.

आत हे घडत होते तेव्हा बाहेर काय चालले होते? महायुद्ध. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद पडला. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडून लाखो माणसे मेली. शहरांत धान्याचे रेशनिंग आले. त्याच सुमारास सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढली. इंग्लंड-अमेरिकेत तर लोकांनी अंगणे आणि बागा खणून भाज्या लावल्या. १९४६ साली पुन्हा टंचाईचे सावट आले, तेव्हा फुलबागांची जागा अन्न पिकवण्यासाठी वापरा, असे गांधीजींनी ‘हरिजन’मधून सांगितले. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आपल्या दिल्लीच्या निवासस्थानाची हिरवळ नांगरून तिथे गहू पेरला.

आता यात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? टंचाई आली की सगळ्यांना परसबाग आठवते. टंचाई सरली की विसरते. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेची चौकशी करणाऱ्या समितीने १९५२ साली अहवाल दिला. त्याचे सार असे, की खेड्यातल्या जीवनाची सगळी अंगे एकमेकांत गुंतलेली असतात. एकच अंग सुटे धरून सुधारू म्हटल्याने टिकाऊ काम होत नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली, ती याच विचारातून.

मग टिकते काय? माझ्या मते टिकते ते घरात राखलेले बी. बाग वर्षाची असते, बी पिढ्यांचे असते.

जरा मागे जाऊन पाहा. आपण ज्यांना अगदी घरच्या भाज्या म्हणतो त्यांतल्या कितीतरी परदेशातून आल्या. मिरची, टोमॅटो, बटाटा, तांबडा भोपळा ही सारी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज सोळाव्या शतकात गोव्यात स्थिरावले, आणि मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्याच व्यापारातून. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. पण गोव्याच्या बंदरातून ती मिरची घाटावरच्या खेड्यापाड्यांत कोणी नेली? कोणा सरकारी खात्याने नव्हे. बायकांनी नेली. माहेरहून सासरी जाताना पदराच्या गाठीत चार बिया, शेजारणीला मूठभर बिया, बाजारच्या दिवशी अदलाबदल, अशीच बियांची वाट असे. उत्तम फळ झाडावरच पिकू द्यायचे, त्याचे बी सावलीत वाळवायचे, राखेत घोळायचे, मडक्यात किंवा पोकळ वाळक्या भोपळ्यात भरून तोंड शेणामातीने लिंपायचे. ही विद्या कुठल्या ग्रंथातून शिकवली जात नव्हती. सासू सुनेला सांगत होती, बस्स.

ती साखळी ढिली झाली ती गेल्या साठ वर्षांत. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम निघाले, १९७६ साली आपल्या राज्याचे ‘महाबीज’ अकोल्यात निघाले, पुढे खासगी कंपन्या आल्या. विकतच्या बियाणाने उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी काढली, ती त्या काळी पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद देत नव्हती. हे मोठेच काम झाले. शिवाय ते सुधारित वाण आहे, संकरित नव्हे. त्याचे बी शेतकऱ्याला राखता येते. संकरित बियाणाचे तसे नाही. पहिल्या पेऱ्याला ते जोरकस येते, पण त्याच्या फळातले बी धरून पुन्हा पेराल तर झाडे एकसारखी निघत नाहीत. म्हणून दर हंगामाला दुकान गाठावे लागते. आणि दुकान गाठायची सवय लागली की राखेचे मडके अडगळीत जाते. त्याबरोबर त्या मडक्याची विद्याही जाते.

ती विद्या अगदीच गेली नाही, हे आपले भाग्य. याची हकीकतही येरवड्यापासूनच सुरू होते, बरं का. गांधीजी आगाखान राजवाड्यातून १९४४च्या मे महिन्यात सुटले. पुढे १९४६च्या मार्चमध्ये त्यांनी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि ते मणिभाई देसाईंवर सोपवले. मणिभाई तिथेच राहिले आणि १९६७ साली त्यांनी ‘बायफ’ ही संस्था उभी केली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे देशी बियाणे राखू लागल्या, तेव्हा पुढे याच संस्थेची साथ त्यांना मिळाली. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण वालाचे कितीतरी प्रकार त्यांच्या घरच्या बीज बँकेत आहेत, आणि ते बी त्या इतरांना पेरायला देतात. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. म्हणजे सासूने सुनेला सांगितलेली विद्या राष्ट्राने मान्य केली, असेच म्हणायचे.

आता शहराकडे वळू. आजचे येरवडे दाट वस्तीचे आहे. नागपूर चाळ, लक्ष्मीनगर अशा भागांत परसू कुठला? पण उंबऱ्याशी, जिन्यावर, पत्र्याच्या छपराच्या कडेला जागा असते. तेलाचा रिकामा डबा, फुटके घमेले, सिमेंटचे झटकून धुतलेले पोते यांत भाजी येते. कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ चालवला आणि पालापाचोळ्यातून सकस माती घरच्या घरी कशी करावी हे लोकांना दाखवले. मुंबईत त्या वेळच्या पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ साली बाग सुरू झाली, ती स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्याचे खत करून.

कृती सोपी आहे. डब्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडा, त्यावर खापऱ्या ठेवा. माती, कुजलेले शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा सारखे सारखे मिसळून भरा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल टाका, त्याहून खोल नको. धने हलके रगडून दोन फाका करा. भेंडीचे बी रात्रभर भिजवा. मिरची-टोमॅटोची रोपे आधी छोट्या भांड्यात करून महिन्या-सव्वा महिन्याने मोठ्या डब्यात लावा. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवेच. मेथी महिन्याच्या आत खुडायला येते. यावर घर चालेल असे नाही. दोन वेळची फोडणी आणि चार दिवसांची पालेभाजी निघेल, इतकेच.

पण खरे काम त्यानंतरचे. एक चांगले झाड खाण्यासाठी तोडू नका. मेथी, वाल, टोमॅटो यांचे परागीकरण बहुधा आपल्याच फुलात होते, म्हणून त्यांचे बी सहसा मुळासारखेच निघते. सुरुवात यांच्यापासून करा, मात्र पहिले बी देशी किंवा सुधारित वाणाचे घ्या. टोमॅटोचा गर दोन दिवस पाण्यात आंबवून बी धुऊन घ्या. भोपळा, काकडी यांच्यात मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, तिथे जपून. आणि हे करताना कायद्याची भीती नको. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. फक्त ते छापील नावाने विकायचे नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, एक विनंती तुम्हाला. वर्गात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने किती उगवल्या ते मुलांकडून मोजून घ्या. शेकडेवारीचा धडा आपोआप होईल. मग प्रत्येक मुलाला सांगा, घरच्या आजीला विचारून ये, तुमच्याकडे पूर्वी कोणते बी राखीत असत आणि कशात? जे उत्तर येईल ते वहीत उतरवून ठेवा, गावाच्या नावासकट. राजांच्या सनावळ्या पुस्तकात सुरक्षित आहेत. हा इतिहास मात्र आजीबरोबर जातो. तो आहे तोवर विचारा, आणि आजीने दिलेल्या चार बिया डब्यात पेरा.