बोरघाट: डोंगर पोखरणाऱ्यांचा इतिहास
पावसाळ्यात खालापूरहून खोपोलीमार्गे घाट चढताना धबधबे सर्वांना दिसतात. कर्जतच्या बाजूने चढणारे रेल्वेचे बोगदे क्वचितच कुणाला आठवतात. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि बोरघाटाचे काम सुरू झाले. येथे ना कोळसा होता ना सोने. तरी काळा कातळ सुरुंगांनी खाणीसारखाच पोखरला गेला. १८५९ च्या आरंभी मजुरीवरून कामगारांनी दंगा केला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच वारला. पत्नी अ‍ॅलिसने कंत्राट सांभाळले. १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२ हजारांवर गेली. पटकीच्या साथींनी असंख्य बळी घेतले. १८६३ साली २५ बोगद्यांचा मार्ग खुला झाला. अ‍ॅलिसचे नाव आपल्याला ठाऊक आहे; त्या हजारोंपैकी किती जणांचे?